वाचकांचे प्रश्न : छपराचा उतार, पश्चिमेचे ऊन आणि संगणक

घर आणि बांधकाम या विषयांवरील वाचकांच्या पत्रांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या खेपेस आलेली सहा पत्रे एकाच विषयाची निघाली. इमारतीचा आकार हाताने न काढता तो आकार घडवणारे नियम संगणकाला सांगायचे, या पद्धतीला 'पॅरामेट्रिक' किंवा 'संगणकीय' रचना म्हणतात आणि तिच्याबद्दलचे कुतूहल, शंका आणि थोडी भीतीही या पत्रांतून व्यक्त झाली आहे. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत.

फोंड्याहून एक पालक लिहितात : माझी मुलगी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते की आता नकाशा काढायचा नसतो, नकाशा तयार करणारे नियम लिहायचे असतात. संगणकावर रेषा ओढणे आणि हे 'पॅरामेट्रिक' काम यांत खरोखर काही फरक आहे, की जुन्याच कामाला नवे नाव दिले आहे?

फरक खरा आहे आणि आपल्या मुलीने तो नेमक्या शब्दांत सांगितला आहे. पॅरामीटरला गणिताच्या मराठी पुस्तकांत 'प्राचल' म्हणतात. ज्या एका राशीची किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या किमती बदलतात, ती राशी म्हणजे प्राचल. फोंडा परिसरातल्या कोणत्याही जुन्या कौलारू घराचे छप्पर डोळ्यांसमोर आणा. भिंतीपासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, रेषेपर्यंतचे आडवे अंतर ४ मीटर आणि उतार ३० अंशांचा असेल, तर आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे २.३१ मीटर उंच जाते आणि वळचण सोडून वाशाची लांबी ४.६२ मीटर भरते. मंगळुरी कौलाचा उघडा राहणारा भाग ३२ सेंटिमीटर धरला, तर त्या उतारावर कौलांच्या १५ ओळी लागतात. आता घरमालकाने उतार ३५ अंशांचा करायला सांगितला, की आढे २.८० मीटरवर जाते, वासा ४.८८ मीटरचा होतो, ओळी १६ होतात आणि त्यांच्या मागोमाग रिपांची संख्या, लाकडाचे घनमाप व आढ्यापर्यंत चढणाऱ्या त्रिकोणी भिंतीत लागणारे चिरे (जांभा दगडाचे ठोकळे) हे सारेच बदलते.

साध्या संगणकीय आरेखनात यातली प्रत्येक रेषा पुसून पुन्हा काढावी लागते, कारण ती रेषा म्हणजे वासा आहे आणि तो उताराशी बांधलेला आहे, हे संगणकाला ठाऊकच नसते. पॅरामेट्रिक पद्धतीत रचनाकार आधी हे नाते लिहून ठेवतो : वाशाची लांबी अंतरावर आणि उतारावर अवलंबून, ओळींची संख्या वाशावर अवलंबून, चिऱ्यांची संख्या आढ्याच्या उंचीवर अवलंबून. त्यानंतर उताराचा एक आकडा बदलला की सगळे छप्पर नव्याने उभे राहते. चांगला सुतार हे नाते डोक्यात आणि हातात बाळगून असतोच. इथे ते उघडपणे लिहावे लागते आणि लिहिलेले असल्यामुळे दुसऱ्याला ते तपासता येते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, वेग त्यानंतर येतो.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' नावाची प्रणाली मांडली. तिच्यात पडद्यावर काढलेल्या दोन रेषा एकमेकींना समांतर राहतील किंवा सारख्या लांबीच्या राहतील अशी अट घालता येत असे आणि एक रेषा हलवली की दुसरी ती अट पाळत असे. त्याही आधी इटलीचे वास्तुरचनाकार लुइजी मोरेत्ती यांनी 'पॅरामेट्रिक वास्तुकला' हा शब्दप्रयोग रूढ करण्याचा प्रयत्न केला होता. १९६०च्या मिलान त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी क्रीडागारांच्या प्रतिकृती मांडल्या. प्रेक्षकाला आसनावरून खेळ किती नीट दिसतो, याच्या गणितातून त्या आसनव्यवस्थेचा आकार निघाला होता. आधी आकार आणि मग त्याला अनुरूप आसने, असा त्यांचा क्रम नव्हता.

एक गोष्ट मात्र मुलीला आवर्जून सांगा. काही वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयात एका सभागृहाच्या छपरासाठी कमीत कमी लाकूड लागेल असा उतार शोधायला आम्ही संगणकाला सांगितले. उतार जितका कमी तितके वासे आखूड, म्हणून उत्तर २२ अंशांचे आले आणि आम्ही ते स्वीकारले. पहिल्याच जुलैत वाऱ्याने ढकललेले पाणी कौलांच्या सांध्यांतून वर चढून आत आले. संगणकाचे उत्तर चुकीचे नव्हते; वाऱ्यासह येणारा पाऊस हा घटक आम्ही त्याला सांगितलाच नव्हता. ते छप्पर उतरवून पुन्हा चढवावे लागले आणि त्यानंतर कोणत्याही छपराच्या गणितात उताराची किमान मर्यादा मी स्वतः लिहितो.

मडगावहून एक वाचक विचारतात : वर्तमानपत्रांत 'पॅरामेट्रिक' म्हणून जी छायाचित्रे येतात, ती सगळी नागमोडी, वाहत्या आकारांची असतात. अशा इमारती गोव्यात शोभतील का?

हा गैरसमज पसरण्याला एक कारण आहे. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांचे सहकारी पॅट्रिक शूमाखर यांनी २००८ मध्ये 'पॅरामेट्रिसिझम' ही वास्तुकलेची नवी शैली असल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या कार्यालयाच्या इमारती वळणदार असल्यामुळे पद्धत आणि शैली एकच मानली जाऊ लागली. मला ही गल्लत नुकसानकारक वाटते. वळणदार आकाराला नियम लागतातच असे नाही आणि नियमांतून वळणदार आकारच निघतो असेही नाही. वर सांगितलेले कौलारू छप्पर शंभर टक्के पॅरामेट्रिक आहे आणि त्यात एकही वळण नाही.

वळणे आवश्यक असतील तेव्हा नियम किती उपयोगी पडतो, याचे उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये आहे. यॉर्न उत्झॉन यांचा आराखडा १९५७ मध्ये निवडला गेला, पण त्यातली शिडांसारखी छपरे मुक्तहस्त होती आणि प्रत्येक भाग वेगळा असल्यामुळे ती बांधायची कशी, हे पुढची काही वर्षे कोणालाच सुटेना. १९६१ मध्ये असे ठरले की सर्व छपरे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची. वक्रता सगळीकडे सारखी झाल्यामुळे काँक्रीटच्या फासळ्या मोजक्याच साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतता आल्या. याच्या उलट टोकाला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकावरचे २००० साली पूर्ण झालेले काचेचे छत आहे. मध्ये गोल वाचनालय, भोवती आयताकृती इमारत आणि गोलही चौकाच्या बरोबर मध्यावर नाही, अशा स्थितीत गणितज्ञ-अभियंते ख्रिस विल्यम्स यांनी त्या छताचा आकार समीकरणांतून काढला. त्यात ३,३१२ काचा आहेत आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या आहेत. हाताने हे काम झाले नसते. तिथे जागेचीच ती गरज होती, म्हणून तो आकार पटतो.

गोव्यात काय शोभते, हे ठरवायला आपल्याजवळ चांगले उदाहरण आहे. पणजीला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी पाहा. रस्त्याकडून आत येताना वर सावली देणारा मांडव, मग थेट नदीकडे उघडणारी मोकळी जागा. झाडांहून उंच होण्याचा सोस त्या इमारतीला नाही. तिथे संगणकाने काही केलेले नाही, परंतु सावली, वारा आणि माणसांची ये-जा यांचे परस्परसंबंध तिच्यात इतके स्पष्ट आहेत की नियम लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी.

साखळीहून एक घरमालक लिहितात : आमच्या नव्या घराची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. वास्तुरचनाकारांनी त्या बाजूला 'कॉम्प्युटरने डिझाइन केलेली' जाळी सुचवली आहे. तिचे प्रत्येक छिद्र वेगळ्या आकाराचे आहे आणि खर्चही बराच आहे. तिचा खरोखर उपयोग होईल का?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी देता येते, म्हणून थोडे सविस्तर देतो. गोव्याचा अक्षांश सुमारे साडेपंधरा अंश उत्तर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या सुमारास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दोहोंच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो आणि २१ जूनला तो क्षितिजापासून ८२ अंशांवर असतो. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो दक्षिणेला ५१ अंशांपर्यंत खाली येतो.

आता दीड मीटर उंचीची खिडकी घ्या. ती दक्षिणेला असेल आणि तिच्यावर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचे ऊन काचेवर पडत नाही आणि थंडीच्या दिवसांत थोडे आत येते, जे आपल्याला नकोसे नसते. उत्तरेच्या खिडकीला जूनच्या दुपारसाठी २१ सेंटिमीटर पुरतात. पश्चिमेला मात्र हेच गणित फिरते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर उतरलेला असतो आणि जवळजवळ खिडकीसमोर असतो. त्या वेळी तीच दीड मीटरची खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला छज्जा अडीच मीटरांहून थोडा अधिक बाहेर यावा लागतो. अडीच मीटर बाहेर आलेल्या छज्ज्याला छज्जा कोणी म्हणत नाही. ती पडवी झाली. आपल्या जुन्या घरांतल्या रुंद पडव्या या हिशेबातही चोख बसतात, हे मी जेव्हा पहिल्यांदा आकडे मांडून पाहिले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

जाळी हेच काम लहान मापात करते. अडीच मीटर पडवी आणि दीड मीटर खिडकी यांचे जे प्रमाण, तेच जाळीची जाडी आणि छिद्राची उंची यांचे ठेवले की झाले. जाळी १० सेंटिमीटर जाड असेल, तर छिद्राची उंची ५.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एवढी अट पाळली की संध्याकाळी साडेचारपर्यंतचे ऊन आत येणार नाही. त्यानंतरचे तिरपे ऊन कोणतीच जाळी पूर्ण थोपवत नाही, त्याला समोर झाड हवे.

आता लक्षात येईल की तुमच्या सपाट पश्चिम भिंतीवर सूर्य सगळीकडे एकाच कोनातून येतो, त्यामुळे उन्हापुरते बोलायचे तर सगळी छिद्रे सारखीच पुरेशी आहेत. छिद्रे वेगवेगळी करण्याला सबळ कारण असू शकते : मागे एका ठिकाणी स्वयंपाकघर असेल आणि तिथे वारा जास्त हवा असेल, दुसरीकडे निजायची खोली असेल आणि आडोसा हवा असेल, किंवा भिंतच वळणारी असेल. आपल्या वास्तुरचनाकारांना विचारा की छिद्राचा आकार नेमका कशाच्या आधारे बदलतो. त्यांनी प्रत्येक बदलामागचे कारण सांगितले, तर तो खर्च योग्य आहे. नुसती नक्षी म्हणून बदल असेल, तर तीही आवड असू शकते, पण तिला उन्हाचे नाव देऊ नये. आणखी एक गोष्ट विचारात घ्या : आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, जाळीच्या बारीक कोपऱ्यांत शेवाळ धरते आणि ते घासायला हात आत गेला पाहिजे. पावसाळ्यात भिंतीला विणलेल्या झापांचा आडोसा करून तो दिवाळीपूर्वी उतरवण्याची जी रीत होती, तिच्यात ही अडचणच उद्भवत नव्हती.

पेडण्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : हे सारे आपल्या शुल्बसूत्रांत आणि शिल्पशास्त्रात आधीपासूनच होते, असे म्हणता येणार नाही का?

अर्धे म्हणता येईल. शुल्बसूत्रे म्हणजे यज्ञवेदी रचण्याची भूमिती सांगणारे प्राचीन ग्रंथ. त्यांतली श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची यज्ञवेदी, साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची ('पुरुष' म्हणजे हात वर केलेल्या माणसाच्या उंचीएवढे माप) आणि पाच थरांची असे. प्रत्येक थरात २०० विटा. पुढच्या वेळी क्षेत्रफळ एका चौरस पुरुषाने वाढवायचे, पण आकार तोच राखायचा, असा दंडक होता. साडेसाताचे साडेआठ करताना आकार तसाच राहायचा असेल, तर प्रत्येक बाजू सुमारे १.०६५ पटींनी वाढवावी लागते आणि ही वाढ सूत्रकारांनी दोरीच्या भूमितीने साधली. क्षेत्रफळ हे प्राचल आणि बाकी सारे त्यावर अवलंबून, अशी ही शुद्ध नियमबद्ध रचना आहे आणि ती शाळेत शिकवली जावी असे मला मनापासून वाटते. जे तिथे नव्हते ते म्हणजे शोध : हजारो पर्याय तयार करून, प्रत्येकाचे ऊन, वारा, वजन आणि खर्च मोजून, त्यातून चांगले निवडणे. तेवढे संगणकाने आणले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत.

पणजीहून एक विद्यार्थी : यासाठी नेमके कोणते सॉफ्टवेअर शिकावे?

'र्‍हायनो' आणि त्यातले 'ग्रासहॉपर' ही जोडी सर्वाधिक वापरात आहे. डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये विकसित केलेल्या ग्रासहॉपरमध्ये प्रोग्रामिंगची भाषा न येताही ठोकळे तारांनी जोडून नियम मांडता येतात. पैसे नसतील तर 'ब्लेंडर' आणि 'फ्रीकॅड' विनामूल्य आहेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार यावी. मात्र त्याआधी त्रिकोणमिती पक्की करा आणि एक छप्पर चढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून पाहा.

डिचोलीहून एक बांधकाम ठेकेदार लिहितात : माझ्या वडिलांपासून आम्ही चिऱ्याचे काम करतो. संगणकाने आकार काढायचे ठरले तर चिरा आणि गवंडी दोन्ही मागे पडतील का? सगळे काँक्रीट आणि लोखंडातच होणार का?

आपला प्रश्न मला या सहांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून दगडी छताचा आकार असा हवा की वजन फक्त दाबाच्या रूपाने खाली उतरेल. तो आकार कसा शोधायचा, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये सांगून ठेवले आहे : दोन टोकांना धरून लोंबणारी साखळी जो आकार घेते, तो उलटा केला की कमान नीट उभी राहते. स्पेनमध्ये वास्तुरचनाकार आंतोनी गाउदी यांनी कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी दोऱ्या टांगून, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या बांधून अशी उलटी प्रतिकृती वर्षानुवर्षे तयार केली. एक पिशवी हलवली की सगळ्या दोऱ्या नवा तोल शोधत. आज संगणकात हेच काही क्षणांत होते.

त्यातून दगडच परत आला आहे. २०१६च्या व्हेनिस प्रदर्शनात झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह चुनखडीच्या ३९९ तुकड्यांचे एक छत उभारले. त्यात तुकडे जोडायला चुना-सिमेंट नाही, दगडात लोखंडी सळई नाही, विस्तार १५ मीटरांहून अधिक आणि सर्वांत पातळ ठिकाणी जाडी अवघी ५ सेंटिमीटर. ते जागेवर बसवले ते दगडाचे काम जाणणाऱ्या कारागिरांनीच.

चिऱ्याला मात्र हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो. मलबारात लोक तो विटांसारखा कापतात हे पाहूनच फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. त्याची ताकद एका खाणीपासून दुसरीपर्यंत, इतकेच नव्हे तर एकाच खाणीच्या वरच्या आणि खालच्या थरांतही बदलते. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा चिऱ्यांचा मनोरा अर्धा का होईना, आज उभा आहे. पण ओस पडलेल्या त्या चर्चचे कमानदार छत १८४२ मध्येच कोसळले. चिऱ्याच्या कमानीला जाडी हवी, वरून पाणी मुरणार नाही अशी व्यवस्था हवी आणि सतत देखभाल हवी.

म्हणून चिऱ्याच्या कामात पहिले प्राचल कोणते, तर कोणत्या खाणीतला आणि कोणत्या थरातला चिरा, हे. तो आकडा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाही. चिऱ्यावर टिकाव मारून आवाजावरून तो ओळखणारी माणसे आपल्याकडे असतील. त्यांनी निवडलेले नमुने प्रयोगशाळेत दाबून पाहिले, म्हणजे अभियंत्याला गणितात घालायला खरा आकडा मिळतो. पाचरीच्या आकाराचे चिरे लागले तर त्यांचे पूर्ण मापाचे फर्मे (आकाराचे नमुने) संगणकावरून कापून घेता येतात आणि गवंड्याने फर्मा लावून चिरा तासायचा. वास्तुरचनाकाराकडून काम घेताना तीन-चार प्रकारांपेक्षा जास्त फर्मे लागणार नाहीत असा आग्रह आपण धरा. आकार किंचित बदलून फर्म्यांची संख्या कमी करणे हे संगणकाला सहज जमते, मात्र ते त्याला सांगावे लागते आणि ते सांगण्याचा अनुभव आपल्याकडे आहे. पहिली कमान मोठ्या कामावर करू नका. कुंपणाच्या दारावर दीड-दोन मीटरांची करून, एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्या आणि सांध्यांत भेगा कुठे पडतात त्या मोजून ठेवा.